यादव नानांनी पुडीवर मारलेलं पाणी

नशिराबादच्या यादव तायडे यांच्या हाताला काहीतरी आहे, हे सगळं गाव मान्य करायचं. नेमकं काय आहे ते मात्र कोणालाच सांगता यायचं नाही. हात तसे दिसायला साधेच. डाव्या करंगळीचं नख एका जुन्या चाळणीने कायमचं वाकडं केलेलं, तळवे एसटीच्या पायरीसारखे घासून गुळगुळीत झालेले. पण त्या हातांनी एक जिन्नस दुसऱ्यात कालवला, की आपण सकाळपर्यंत दोन वेगळे होतो हे त्या जिनसांनाही आठवत नसे.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला दोन टिपाडं सरबत लागतं, ते नानांच्याच हातचं. पहिल्या ग्लासाला जी गोडी, तीच टिपाडाच्या तळाला. एका वर्षी नानांना ताप आला आणि दुसऱ्याच कोणीतरी बाह्या वर केल्या. त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढच्या लोकांनी लिंबूपाणी प्यायलं आणि मागच्यांनी पाक. नानांना हे अंथरुणातच कळलं. ते इतके सुखावले की संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि रात्री दोन भाकरी जास्त गेल्या. नर्मदाबाई, म्हणजे त्यांची बायको, आजही सांगते की डॉक्टरच्या गोळ्या तशाच ताकात पडून आहेत. ताकात म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात; आमच्याकडे त्याला ताक म्हणतात, पिण्याचं ताक वेगळं.

तर असा हा हात एकतीस वर्षं जळगावच्या एका कॉलेजात नोकरीला होता. मातीच्या प्रयोगशाळेत. कागदावर नानांचा हुद्दा परिचर. काम काय, तर शेतातून आलेली काळी माती वाळवायची, कुटायची, चाळायची, आणि सर लोक जे देतील ते तिच्यात कालवायचं. कधी मीठ, कधी खत, कधी कसलं औषध. सर लोक पूड द्यायचे, आकडा द्यायचे आणि चहाला जायचे. परत येईपर्यंत माती तयार. शेजारच्या स्टोअरमध्ये हिलाल नावाचा कारकून होता. नानांपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि तोंडाने दहा वर्षांनी मोठा. तो म्हणायचा, "नाना, एकतीस मेला तुम्ही रिटायर व्हा, पण हात इथं जमा करून जा. मी पावती देतो."

नानांना हे फार आवडायचं. वरवर ते म्हणायचे, "जाय रे, काय लावलं!" पण म्हणताना हात खिशातून बाहेर काढून ठेवायचे.

त्या वर्षी जानेवारीत मेघा देवरे एक बाटली घेऊन आली. मेघा धुळे जिल्ह्यातली, साक्रीकडची. बाप शेती करणारा, घरात अहिराणी, आणि पोरगी पीएचडी करत होती. अंगाने काडी, पण प्रश्न विचारायला लागली की समोरच्याला घाम फुटायचा. तिच्या गाइड सुलक्षणा मॅडम. त्या विभागप्रमुखही होत्या. त्यांचा धाक असा की त्यांच्या खोलीतलं घड्याळसुद्धा पाच मिनिटं पुढे असायचं.

"नाना, ही जस्ताची नॅनो पूड," मेघा बाटली उजेडात धरत म्हणाली.

"नॅनो म्हणजे बारीक?"

"खूप बारीक."

"मैद्याएवढी?"

"मैद्याचा एक कण म्हणजे आपलं हे अख्खं कॉलेज धरा. मग हिचा कण म्हणजे वर्गातला एक डस्टर."

नाना बराच वेळ बाटलीकडे बघत राहिले. "मग ती दिसून कशी राह्यली?"

"एकेकटी दिसत नाही, नाना. ढीग झाला की दिसते."

"आमच्या युनियनसारखं म्हण की!"

मग मेघाने सगळं समजावलं. असल्या पुडी आता खतात येतात, फवाऱ्यात येतात, तोंडाला लावायच्या मलमातसुद्धा असतात, आणि शेवटी जातात मातीत. मातीत गांडुळं. त्यांचं काय होतं ते बघायचं. त्यासाठी मातीत मोजून पूड घालायची, बरणीत भरायची, प्रत्येक बरणीत दहा गांडुळं सोडायची आणि अठ्ठावीस दिवसांनी मोजायची. यात सगळ्यात अवघड काय? तर पूड मातीत सारखी घालणं. दोन किलो मातीत चिमूटभर पूड. ती एका कोपऱ्यात राहिली तर तिथलं गांडूळ मरणार आणि शेजारचं मजेत फिरणार, मग निकाल कसला सांगायचा?

"कोणी म्हणतं कोरड्या मातीत कोरडी पूड घाला. कोणी म्हणतं आधी पाण्यात हलवून घ्या आणि मग ओता. कोणी म्हणतं आधी थोड्या मातीत कालवा, मग ती सगळ्या मातीत. जगभर यावर वाद चालू आहेत, नाना."

नाना सरळच बसले. "कालवण्यावर? जगभर? आणि मले कोणी विचारलं नाही?"

मेघाने कोरडी रीत ठरवली होती. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं. पंखा बंद. मास्क, हातमोजे. कोरडी माती, कोरडी पूड, पंधरा मिनिटं कालवणे. पाणी सगळ्यात शेवटी. नानांनी तो कागद मान डोलावत वाचला आणि आपल्याला शिकवणाऱ्या पोरीकडे आजोबाच्या नजरेने पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांना कागद लिहून कोणी दिला नव्हता. पण पोरगी चांगली होती, म्हणून त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. मनालाही लावलं नाही आणि, पुढे दिसेल तसं, डोक्यालाही लावलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चार घमेली मांडली. एकात नुसती माती. एकात थोडी पूड, एकात मध्यम, एकात जास्त. एका घमेल्यातून चार बरण्या भरायच्या. आदल्या दिवशी मेघाने गांडुळं एकेक करून धुतली, टिपकागदावर ठेवली आणि काट्यावर तोलली. नाना म्हणाले, "लग्न जमवताना मले कोणी इतकं निरखून पाह्यलं नव्हतं."

"म्हणून तर तुम्ही पास झालात, नाना."

पहिली तीन घमेली ठरल्याप्रमाणे झाली. मेघा समोर उभी, घड्याळ हातात, नानांचे हात गोल गोल फिरताहेत. राहिलं मध्यम पुडीचं घमेलं. नानांनी माती पसरली, पूड वर भुरभुरली, आणि तेवढ्यात मेघाच्या आईचा फोन आला. दार उघडून ती बाहेर गेली. "बठ्ठं बरं शे, माय. माती कालवी राह्यनू. नई वं, जेवण करी लिधं..." अशी ती व्हरांड्यात लांब लांब जात राहिली.

उघड्या दारातून वाऱ्याची झुळूक आली. घमेल्यावरची पांढरी पूड उदबत्तीच्या धुरासारखी वर उठली.

आता अशा वेळी माणूस काय करतो? म्हणजे ज्याने पंचावन्न वर्षं आईला, बायकोला, सुनांना रोज सकाळी अंगण झाडताना पाहिलं आहे तो माणूस? झाडण्याआधी धूळ बसवायची असते. नानांनी शेजारच्या बादलीत हात बुडवला आणि ओंजळभर पाणी घमेल्यावर शिंपडलं, पाच-सहा सपके. धूळ बसली. नानांनी समाधानाने कालवायला घेतलं. मेघा परत आली तेव्हा घमेलं झालं होतं, आणि त्यात नंतर घालायचं पाणी घालायची वेळही झाली होती. ओल्यात थोडं ओलं आधीच होतं हे कोणाला कळणार? नानांना तरी कुठे कळलं होतं? त्यांच्या लेखी त्यांनी पूड वाचवली होती.

अठ्ठावीस दिवस बरण्या एका कपाटात राहिल्या. नाना रोज सकाळी कपाट उघडून त्यांना "काय, बरं ना?" असं विचारायचे. हिलालने विचारलं, उत्तर येतं का. नाना म्हणाले, "तुझ्यापेक्षा लवकर येते."

मोजायच्या दिवशी मेघाने एकेक बरणी मोठ्या ताटात उपडी केली. नुसत्या मातीतली चाळीसच्या चाळीस जिवंत. थोड्या पुडीतली जवळपास सगळी. जास्त पुडीच्या बरण्यांत नऊ, नऊ, दहा, नऊ. मग मध्यम पुडीची पहिली बरणी. दहा. दुसरी, दहा. तिसरी, तीन. चौथी, पाच.

मेघाने चौथी पुन्हा मोजली. पाचच.

"थोड्या पुडीने मेली नाहीत, जास्त पुडीने मेली नाहीत, आणि मधल्याच पुडीने मेली?" ती स्वतःशीच म्हणाली. तिसऱ्या बरणीच्या काळ्या मातीत तिला खसखशीएवढे पांढरे ठिपके दिसले. तिने त्यांचा फोटो काढला आणि वहीत लिहून घेतलं.

ठिपके नानांनीही पाहिले. मेघाची पाठ वळल्यावर त्यांनी एक ठिपका बोटांत घेऊन चिरडला. तो फुटला तसा आतून कोरडा, पांढरा, पिठाच्या गुठळीसारखा. ही गुठळी कशी होते हे त्यांना माहीत होतं.

सुलक्षणा मॅडम मात्र खुलल्या. त्यांना खुललेलं पाहायची कॉलेजला सवय नव्हती. त्यामुळे दोन प्राध्यापक दारातूनच परत गेले. "मेघा, हे नवीन आहे. मध्यम प्रमाणात ही पूड मातीत आपोआप गोळा होते आणि जास्त विषारी ठरते. मंगळवारी कमिटी आहे. हेच मांडायचं."

मेघा घाबरलेली, पण डोळे चमकत होते. तिचं तीन वर्षांचं काम आता कुठे काहीतरी वेगळं सांगायला लागलं होतं. आणि हिलाल तर नानांच्या पाठीवर थाप मारून गेला, "नाना, तुमच्या हाताने शोध लागला म्हणे! सत्काराची शाल आता जाड घ्यावी लागते."

नाना हसले नाहीत. त्यांनी हात खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी रविवार. नशिराबादला नर्मदाबाईच्या अंगणात पापडांचा घाट होता. गल्लीतल्या सहा-सात बाया, सात किलो उडदाचं पीठ आणि मध्ये पाटावर नर्मदाबाई. गल्लीत पापडाचं पीठ भिजवावं तर तिनेच, असा तिचाही दरारा. नवरा-बायकोच्या संसारात हा एक मुद्दा कायम नाजूक राहिला होता. नानांची कीर्ती कॉलेजात आणि टिपाडात, तिची परातीत, आणि दोघांनी एकमेकांचं कौतुक कधी तोंडावर केलेलं नव्हतं.

नाना भिंतीला टेकून नुसते बघत बसले होते. नर्मदाबाईने पापडखार पाण्यात उकळून गार करून ठेवला होता. तो तिने बाजूला सारला. मग मिऱ्याची पूड आणि हिंग घेतला, मूठभर कोरड्या पिठात घातला आणि बोटांनी चोळला. त्यात आणखी एक मूठ. पुन्हा चोळला. मग दोन मुठी. मग चार. मग पसाभर. मग परात.

"सगळंच एकदम काहून नाही टाकत?" नानांनी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

बाया थांबल्या. झुंबरबाई म्हणाली, "नाना आज शिकायले बसले व!"

"एका पापडात मिरंच मिरं आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं व्हते," नर्मदाबाई म्हणाली. "थोड्यात थोडं मिसळलं का मग ते कुठं जात नाही."

"मग खार पाण्यात कसा?"

"खार विरघळते. मिरं विरघळते का? जे विरघळते ते पाण्यातून जाते. जे नाही विरघळत त्याले कोरड्यातून न्या लागते, आणि पाणी शेवटी. कोरड्या पुडीवर आधीच पाण्याचा सपका मारला तर गुठळी होते. हे कालच्या पोरीलेबी समजते."

नाना गप्प झाले. नर्मदाबाईने मान वर करून पाहिलं. चाळीस वर्षांत तिने नानांचं गप्प बसणं चारदाच पाहिलं होतं, आणि चारही वेळा काहीतरी फुटलेलं किंवा हरवलेलं होतं.

"काय केलं तुम्ही?"

"काही नाही."

"एकतीस वर्षं पगार घेऊन काय केलं ते नाही विचारून राह्यली. आता काय केलं ते विचारून राह्यली."

मग नाना आत गेले. ती पिठाचे हात तसेच घेऊन मागून गेली, आणि त्यांनी तिला घमेलं, झुळूक, ओंजळ, ठिपके सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "तीन महिने राह्यले व माझे. एकतीस वर्षांत या हाताले कोणी नाव ठेवलं नाही."

नर्मदाबाईने काही समजूत घातली नाही. ती म्हणाली, "तुमच्या हाताले कोणी नाव नाही ठेवणार. तुम्ही गप्प बसले तर तुमची गुठळी त्या पोरीच्या पुस्तकात छापून येईल. तिच्या नावावर. उद्या दुसऱ्या कोणी करून पाह्यलं आणि तसं झालंच नाही, तर लोकं तिले विचारतील का तुमच्या हाताले?" आणि ती पापडांकडे गेली.

सोमवारी नाना पहिल्या एसटीने निघाले. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी धुतलेल्या बरण्या पुन्हा धुतल्या. मेघा आली तेव्हा ते हात पुसत उभे होते.

"पोरी, एक सांगायचं होतं. मागं एकदा बोदवडच्या एका सरांनी मिठाचा प्रयोग केला होता. तेव्हा मीठ आम्ही पाण्यात..."

"नाना, मला कमिटीची तयारी करायची आहे."

"हो, हो. तेच. तर ते मीठ पाण्यात विरघळायचं. पण आमच्या घरी काल पापड होते..."

"नाना!"

"मधल्या घमेल्यात मी पाणी मारलं होतं," नाना म्हणाले. "आधी. तू फोनवर होती तेव्हा. पूड उडून राह्यली होती, म्हणून."

मेघाने वही उघडून पेन काढलं. मग तिने विचारलं, "किती?"

"काय किती?"

"पाणी किती?"

"ओंजळभर. पाच-सहा सपके."

मेघा स्टुलावर बसली. तिने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे 'शेवटी' या शब्दाखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. आणि रागात तिला प्रमाण मराठी सुचेना. "नाना, हाई काय कयं तुम्ही?"

नाना म्हणाले, "चुकलं." आणि तेवढंच म्हणाले. गोष्ट लावली नाही, दाखला दिला नाही. मेघाने नंतर सांगितलं की तेव्हाच तिला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

दोघं मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तायडे, आजवर किती प्रयोगांत असं पाणी मारलंत?"

"आधीचं सगळं विरघळणारं होतं, मॅडम. त्यात पाणी आधीच असायचं. ही पहिलीच बाई, जी विरघळली नाही."

मॅडमच्या ओठाची एक बाजू हलली. "पंधरा वर्षांत या खोलीत येऊन 'चूक माझी' असं कोणी म्हटलेलं नाही. अशा वेळी काय करायचं असतं, तेच मला आठवत नाही."

"मॅडम, कमिटीला काय सांगू?" मेघाने विचारलं.

"थोडी मुदत मागू. पण एक गोष्ट. पाण्याने गुठळ्या झाल्या, हे यांचं म्हणणं. ते खरं कशावरून? माणसाच्या म्हणण्याला आपल्याकडे पुरावा म्हणत नाहीत."

नानांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, चूक केली ती केली, आणि आता ती सिद्धबी करायची?"

"अर्थात."

मुद्दा असा होता, आणि मेघाला तो लगेच कळला. नानांचं पाणीच कारण ठरलं तर तिचा विचित्र निकाल सुटला, बाकीचं काम वाचलं, वर मातीत पूड कशी घालावी यावर एक धडा मिळाला. ते कारण नसलं तर गांडुळं का मेली ते कोणालाच माहीत नाही, आणि तीन वर्षांवर प्रश्नचिन्ह.

त्याच आठवड्यात पुन्हा घमेली मांडली. सगळ्यांत पूड तेवढीच, मध्यम. फक्त घालायच्या रीती चार. एकात कोरडी पूड एकदम. एकात पूड पाण्यात हलवून ओतलेली. एकात मूठ-मूठ वाढवत नेलेली, नर्मदाबाईच्या मिऱ्यासारखी. मेघाने वहीत त्याला लांबलचक नाव दिलं, पण तोंडाने सगळे 'काकूंची रीत'च म्हणायचे. आणि चौथ्यात नानांची चूक, जशीच्या तशी.

पहिली तीन सहज झाली. चौथ्याने सगळ्यांना रडवलं. मेघाने आधी नानांची ओंजळ मोजली. सहा वेळा बादलीत हात बुडवून पाणी नळीत ओतायला लावलं, सरासरी काढली. त्या दिवशीसारखी झुळूक यावी म्हणून दार उघडलं. मग नाना घमेल्यापुढे उभे राहिले, आणि हात ऐकेनात! पाणी शिंपडून होतं न होतं तोच बोटं गुठळी शोधून चिरडायला लागली. आता त्यांना माहीत होतं ना. एकदा झालं, माती फेकली. दुसऱ्यांदा झालं, माती फेकली.

"नाना, नीट चुका ना!" मेघा ओरडली.

"चुकून राह्यलो पोरी, पण जमून नाही राह्यलं!"

दारातून हिलाल म्हणाला, "एवढी वर्षं न बघता जमलं, आज मुद्दाम करायला घेतलं तर हात चालेना. मले बोलवायचं ना, मी रोज करतो."

शेवटी मेघालाच युक्ती सुचली. तिने विचारलं, "नाना, तुमच्या वरणगावच्या मामाच्या घोडीचं काय झालं होतं हो?" ती गोष्ट कॉलेजात कोणी विचारायची हिंमत करत नसे, कारण ती संपत नसे. नाना खुलले. घोडी वरातीतून नवरदेवाला घेऊन दीपनगरच्या रस्त्याला लागली, मागे वऱ्हाड धावतंय, बँडवाले वाजवत धावताहेत, आणि इकडे हात पाण्यात गेला, सपके पडले, बोटं गोल फिरली, अगदी पहिल्या दिवशीसारखी निर्धास्त. गोष्ट घोडीला पकडण्यापर्यंत आली तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती. मेघाने हळूच घमेलं ओढून घेतलं. घोडीचं पुढे काय झालं ते तिने विचारलं नाही, हे नानांनी तिला बरेच दिवस ऐकवलं.

पुन्हा अठ्ठावीस दिवस. नाना कपाट उघडायचे, पण आता विचारायचे नाहीत. चौथ्या कप्प्यातल्या बरण्यांकडे बघून नुसतं तोंड पाडायचे. मेली तर वाईट, आणि नाही मेली तर पोरीचं वाईट. असल्या पेचात गांडुळांना काय आशीर्वाद द्यायचा?

मोजायच्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. कोरडी एकदम घातलेल्या बरण्या: दहा, आठ, नऊ, दहा. पाण्यात हलवून ओतलेल्या बऱ्या निघाल्या, पण काळ्या मातीचा ठिकठिकाणी चिकट चिखल झाला होता. काकूंची रीत: दहा, दहा, नऊ, दहा. मेघाने 'वा' म्हटलं. मग नानांच्या बरण्या.

पहिली उपडी केली. दहा जिवंत.

दुसरी. नऊ. मेघाने वहीवरचं पेन उचललं आणि लिहिलंच नाही. "थांब, थांब," नाना म्हणाले, "अजून दोन आहेत."

तिसरी. माती पसरली आणि त्यात खसखशीचे पांढरे ठिपके. मेघाने बोटाने माती सारत मोजली. एक, दोन, तीन, चार. चारच.

"झालं!" नाना ओरडले. "माझीच चूक होती! पाहा मॅडम, माझीच!" त्यांनी टाळी वाजवली. मग सहा जीव गेल्याचं ध्यानात आलं, म्हणून लगेच हात जोडून डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "चौथीत किती?"

"पाच," मेघा म्हणाली आणि हसत हसत रडायला लागली.

मॅडमनी वहीत बघून मान हलवली. "तायडे, अभिनंदन. तुमची चूक सिद्ध झाली आहे."

त्या संध्याकाळच्या एसटीत नानांनी ही बातमी आधी कंडक्टरला सांगितली, मग शेजारच्या माणसाला, मग तो उतरल्यावर त्याच्या जागी बसलेल्या बाईला. नशिराबादच्या स्टॉपवर उतरेपर्यंत अर्ध्या गाडीला माहीत झालं होतं की यादव तायडे चुकले होते, आणि त्याला बरणीबरणीचा पुरावा आहे.

घरी नर्मदाबाई डब्यात पापड रचत होती. नाना पायरीवरूनच म्हणाले, "तुझी रीत पहिली आली बरं! मॅडमनी वहीत लिहून घेतली."

तिने हात थांबवला नाही, पण पापड जरा सावकाश रचायला लागली. "आणि तुमची?"

"माझी चूक सिद्ध झाली. कॉलेजने मान्य केली."

"हो का?" नर्मदाबाईने डब्याचं झाकण लावलं आणि पदराला हात पुसले. "बरं झालं. एकदा मान्य करायची सवय लागली म्हणायची. बसा मग खाली. आपण लग्नाच्या वर्षापासून घेऊ."

नानांनी पाट ओढला आणि बसले.